प्रकाशसंवेदी प्रथिनांसाठी दिवा घेण्याआधी

गोव्यातल्या महाविद्यालयांतून आणि संशोधन संस्थांतून आमच्याकडे येणारी चौकशी बहुधा एकाच वाक्याची असते: "एक चांगला निळा दिवा हवा." त्यावर आमचा प्रश्नही ठरलेला आहे: प्रथिन कोणते वापरणार? ते कळल्याशिवाय दिव्याचा रंग, ताकद, भाव यांपैकी काहीच सांगता येत नाही. हे पत्रक त्यासाठीच आहे. ऑप्टोजेनेटिक्स, म्हणजे प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक पेशीत घालून ती पेशी प्रकाशाने चालवण्याचे तंत्र, नव्याने सुरू करणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडेल. जुन्या मंडळींनी सरळ "किती प्रकाश" या भागाकडे जावे.

प्रथिने आली कुठून

क्लॅमिडोमोनास हे गोड्या पाण्यातले एकपेशीय हिरवे शैवाल प्रकाशाचा अंदाज घेत पोहते. त्याच्या पेशीपटलात चॅनेलरोडॉप्सिन नावाची प्रथिने असतात. निळा प्रकाश पडला की त्यांतली वाट उघडते आणि धनभारित आयन आत शिरतात. गेऑर्ग नागेल, पीटर हेगेमान आणि एर्न्स्ट बामबेर्ग यांच्या गटाने 2002 आणि 2003 मध्ये हे दाखवून दिले. 2005 मध्ये एड बॉयडन, कार्ल डायसरॉथ आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्याच चॅनेलरोडॉप्सिन-2 या प्रथिनाचे जनुक सस्तन प्राण्याच्या चेतापेशींत घातले, आणि प्रकाशाच्या मिलिसेकंदांच्या झोतांवर त्या पेशी संदेश सोडू लागल्या. विजेची सुई टोचली की आसपासच्या सगळ्याच पेशी चेततात. इथे जनुक ज्या पेशीत आहे तीच ऐकते.

पेशी गप्प करायची असेल तर हॅलोरोडॉप्सिन. हे इजिप्तमधल्या सोडा सरोवरातल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाचे. पिवळ्या प्रकाशात ते क्लोराइड आत ओढते. त्याचा भाऊबंद बॅक्टेरिओरोडॉप्सिन 1971 सालापासून माहीत आहे. आपल्या मिठागरांतूनही याच गोत्रातले मीठप्रेमी जीव संशोधकांनी वेगळे केले आहेत, त्यामुळे हा विषय गोव्याला अगदीच परका नाही.

प्रत्येक प्रथिन आयनांचीच वाट उघडते असेही नाही. क्रिप्टोक्रोम-2 निळ्या प्रकाशात आपल्या जोडीदार प्रथिनाला चिकटते आणि अंधारात हळूहळू सुटते. वनस्पतींचे फायटोक्रोम-बी 650 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या लाल प्रकाशात जोडीदाराला धरते आणि 750 च्या आसपासच्या अतिलाल प्रकाशात सोडते. जनुक चालू-बंद करायचे किंवा पेशीतली वस्तू इकडून तिकडे हलवायची, तर ही मंडळी कामाची.

किती प्रकाश

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. चॅनेलरोडॉप्सिन-2 नीट उघडायला साधारण 470 नॅनोमीटरचा प्रकाश दर चौरस मिलिमीटरला एक मिलिवॉटच्या घरात लागतो. आकडा छोटा वाटेल, पण भर दुपारचे स्वच्छ ऊन सगळे रंग धरून जवळजवळ तेवढेच असते. इथे ती सगळी ताकद एकट्या निळ्यात हवी. चतुर्थीच्या माटोळीवर सोडायच्या एलईडी माळेने हे काम होणार नाही, आणि तशी माळ लावून पाहिलेले ग्राहक आम्हाला भेटले आहेत.

क्रिप्टोक्रोमचे नेमके उलटे. त्याला इतका कमी प्रकाश पुरतो की खोलीतल्या ट्यूबलाइटनेही प्रयोग सुरू होऊन बसतो. अशा पेशींच्या प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि मंद लाल दिव्यात हाताळा. मात्र फायटोक्रोमसाठी तोच लाल दिवा घातक. तिथे मंद हिरवा वापरतात.

दिवा मंद करण्याची पद्धतही विचारून घ्या. स्वस्त संचांत दिवा भराभर चालू-बंद करून तो मंद भासवला जातो. डोळ्याला ते कळत नाही, पण मिलिसेकंदांत प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाला ती झोतांची मालिकाच वाटू शकते. आम्ही प्रवाहच कमी-जास्त करतो. त्यात खर्च वाढतो, हे आधीच सांगतो.

दिव्यावर लिहिलेल्या वॉटवर भरवसा ठेवू नका. तो विजेचा आकडा आहे, पेशीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. जिथे पेशी असतील तिथेच प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवरमीटर धरा, आणि 24 खळग्यांची प्लेट असेल तर कोपऱ्यातला खळगाही मोजा.

दिव्याचा दोष नसताना

माशी किंवा सूत्रकृमी प्रतिसाद देत नसेल तर आधी त्यांचे खाद्य तपासा. ही रोडॉप्सिने अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनलशिवाय चालत नाहीत. सस्तन प्राण्यांच्या ऊतींत ते पुरेसे सापडते. माशीला आणि सूत्रकृमीला खाद्यातून द्यावे लागते. रेटिनल स्वतः प्रकाशात खराब होते, म्हणून कुपी अंधारातच ठेवावी.

उलट, पेशी मरू लागल्या तर प्रथिनावर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. तीव्र प्रकाशाने नमुना तापतो. शिवाय निळ्या प्रकाशात पेशी वाढवण्याच्या माध्यमातल्या रायबोफ्लेविनमुळे (ब-2 जीवनसत्त्वामुळे) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणून प्रथिन नसलेल्या पेशींवर तोच प्रकाश, आणि प्रथिन असलेल्या पेशी अंधारात, या दोन्ही तुलना ठेवाच. त्यांच्याशिवाय आलेला निकाल आमच्या दिव्याच्या जाहिरातीसाठीही आम्ही वापरणार नाही.

जनुकीय बदल केलेल्या जिवांवर काम करायचे तर आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जा. निळ्या एलईडीकडे थेट पाहू नका. योग्य गॉगल संचासोबत देतो.

पावसाळा

आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी येते आणि जोडण्या गंजतात. संच वापरात नसेल तेव्हा सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. इनक्युबेटरमध्ये लावायचा असेल तर आधीच सांगा; त्याला बंदिस्त खोका लागतो आणि वीजपुरवठ्याचा भाग बाहेर ठेवावा लागतो. रात्रभराच्या प्रयोगांना यूपीएस जोडा. वीज जाऊन परत आली की आमचा टायमर मुद्दाम बंदच राहतो, म्हणजे अर्धवट प्रकाशलेली प्लेट पूर्ण समजून कोणी पुढे नेणार नाही.

मागणी करताना प्रथिनाचे नाव, पेशी किंवा जीव, भांड्याचा प्रकार, दिवा आणि नमुना यांतले अंतर, आणि झोत किती वेळाचा, एवढे लिहून पाठवा. प्रथिन अजून ठरले नसेल तर मागणी थोडी थांबवा. तोवर चाचणीचा संच आमच्याकडून नेऊन वापरून पाहता येईल.