उंदरांसाठी आलेले मांजर आणि परड्यातले पक्षी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मांजर पाळले गेले ते हौसेपेक्षा उंदरांमुळे. खानापूरच्या भातपट्ट्यात सुगी संपली की साळ कणगीत आणि माळ्यावर जायची, तिच्या मागोमाग उंदीर. मांजर घरोघर असायचे, पण त्याला भरवत कोणी नसे. धारेच्या वेळी दुधाची वाटी, जेवणानंतर उरलेला भात. बाकी पोटाचे त्याचे त्याने बघायचे.

प्लेगाने त्याचा मान वाढवला. १८९६ साली मुंबईत शिरलेली साथ पुढे बेळगाव-धारवाडकडेही आली. ती उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरते हे कळल्यावर अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ मध्ये प्लेग रोखण्यासाठी मांजरे पाळावीत, असा आग्रह धरला.

पुढे कणग्या गेल्या, तांदूळ गिरणीतून थेट डब्यात येऊ लागला. मांजर मात्र राहिले, आता पोटभर खाऊन. इथेच आपला अंदाज चुकतो. खायला घातले की मांजर शिकार करत नाही, असे आपण धरून चालतो. शिकारीची ओढ नुसत्या भुकेतून येत नाही. भरल्या पोटीही समोर काही फडफडले की ते झेप घेतेच.

बुलबुलाचे घरटे बघा. जास्वंदीत किंवा कुंपणाच्या मेंदीत, हात पुरेल इतक्या उंचीवर. पिल्ले बारा-तेरा दिवसांत बाहेर पडतात तेव्हा शेपटी नुसती खुंटासारखी असते आणि नीट उडता येत नाही. काही दिवस ती खालच्या फांदीवर, कधी जमिनीवरच बसून चोची उघडतात, ओरडतात. मांजराला तेवढी हाक पुरते. शिंपी आणि दयाळ यांच्या पिल्लांचेही हेच.

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाच्या वस्तीबरोबर मांजरे आली आणि तिथला न उडणारा रेन पक्षी बघता बघता नामशेष झाला. तो दाखला इथे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात रानमांजर आहे, वाघाटी आहे. आपल्या पक्ष्यांना मांजराची जात नवी नाही. फरक संख्येचा आहे. रानमांजरे किती जगणार हे रानातल्या भक्ष्यावर ठरते, गल्लीतली किती जगणार हे आपल्या खरकट्यावर. पक्षी कितीही कमी झाले तरी गल्लीतली मांजरे कमी होत नाहीत.

अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासाने तिथली मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज दिला. त्यातली बहुतेक शिकार बेवारस मांजरांची होती. आपल्याकडे ही बेवारस मांजरे येतात कुठून? मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, म्हणून नको असलेली पिल्ले पोत्यात घालून मासळी बाजारापाशी किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडायची, ही रीत जुनी आहे. पापाची भीती खरी, पण सोडलेली बरीच पिल्ले उपाशी मरतात आणि जगतात ती पक्ष्यांवर, उकिरड्यावर. पाळलेल्या मांजरीची वेळेवर नसबंदी केली तर ते पोते भरावेच लागत नाही.

घरच्या मांजरासाठी इंग्लंडमधल्या २०२१ च्या एका अभ्यासाने सोपी वाट दाखवली: भरपूर मांस असलेले खाणे दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, रोज पाच-दहा मिनिटे दोरी-पिसाशी खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. त्याला जोडून, परड्यात घरटे दिसले की पिल्ले उडेपर्यंत मांजर घरातच ठेवावे.