खरा रिव्ह्यू दिला की पाहुणा सूड उगवतो?

कास, बामणोली, पाचगणीकडच्या होमस्टेवाल्यांत एक समज घट्ट बसलाय: त्रास देणाऱ्या पाहुण्याबद्दल खरं लिहिलं, की तोही आपले स्टार पाडणार. म्हणून गादी सिगारेटने जाळून गेलेल्यालाही 'छान माणसं, पुन्हा या' असं लिहिलं जातं. आणि उद्या वाईतली एकटी राहणारी एखादी मावशी तेच वाचून त्याला घर उघडून देते. याचं मला फार वाईट वाटतं.

घरं-खोल्या बुक करायच्या एअरबीएनबी या साइटवर तरी ही भीती जुनी झाली. पूर्वी एकाचा रिव्ह्यू दुसऱ्याला आधीच वाचता यायचा. २०१४ मध्ये ते बंद झालं. आता चेकआउटनंतर दोघांना १४ दिवस मिळतात. दोघांचं लिहून झालं किंवा मुदत संपली, तरच रिव्ह्यू उघडतात. तुमचं वाचून त्याला आपलं बदलता येत नाही. भांडण फाटकातच झालं असेल तर तो वाईट लिहीलही, पण ते तुम्ही गप्प राहिलात तरी लिहील. त्याखाली तुम्हाला जाहीर उत्तर देता येतं.

लिहिताना घडलं तेवढंच लिहा: 'बुकिंग चौघांचं, आले नऊ. रात्री दोनपर्यंत अंगणात स्पीकर.' त्यांचे संस्कार काढू नका.