मेंदूला इजा होऊन बोलणं गेलेल्या मुलांचं यूडीआयडी कार्ड: बेळगाव सीमाभागातल्या पालकांसाठी

अपघातात किंवा मेंदूज्वरात मेंदूला इजा झाली, त्याला वर्षं उलटली, अंगात थोडा जोर आला, पण बोलणं परतलं नाही. खानापूर, निपाणी, बेळगावात अशी मुलं-मुली आहेत. यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) तपासणीला नेलं की आधी लुळा हात डोळ्यांत भरतो, त्याची दिव्यांगत्वाची टक्केवारी पडते आणि वाचेचं कुणी विचारतच नाही. हे होऊ देऊ नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मेंदूची इजा या नावाने वेगळा प्रकार नाही. ‘वाचा आणि भाषा’ हा प्रकार मात्र आहे, आणि मेंदूतल्या बिघाडामुळे कायमचं बोलणं अडलं असेल (डॉक्टर ज्याला ॲफेसिया म्हणतात) तर ते त्यात येतं. अर्जात तो प्रकार निवडा. हातपाय अधू असतील तर तोही सांगा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी वेबसाइटवर होतो, फी नाही. स्वतः जमत नसेल तर ‘ग्राम वन’ (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात जा किंवा ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूंना (दिव्यांगांसाठीच्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्यांना) गाठा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट दहा वर्षं जुना असला तरी तोच खरा आधार. उपचार कोल्हापूर-मिरजेत झाले असतील तर तिथले कागद जोडा. कार्ड देशभर चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीच्या दिवशी दारातून आत जाताच सांगा, ‘याची भाषा मराठी आहे.’ कंगवा दाखवून कन्नडमध्ये नाव विचारलं आणि मूल गप्प राहिलं, तर त्याला शब्द आठवत नाही की प्रश्नच कळला नाही, हे कसं ठरणार? मी पाहिलेला एक मुलगा कंगवा बघून हात केसांवरून फिरवायचा. वस्तू त्याला पक्की ओळखीची, शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. असं घरात दिसत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ करून न्या. इजा जुनी आहे, सुधारणा थांबली आहे, असं डॉक्टरांना पटलं तर दाखला कायमस्वरूपी मागा, म्हणजे पुन्हा पुन्हा फेऱ्या नकोत.

बोलण्याला मदत करणारं साधन हवं असेल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ॲडिप योजना आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढा. कोणतं साधन लागेल ते स्पीच थेरपिस्टकडून लिहून घ्या. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत या कामाचे जाणकार आहेत.

कार्ड येईपर्यंत हात बांधून बसू नका. जाड पुठ्ठ्यावर पाणी, भाकरी, संडास, दुखतंय, नको अशी मोठी चित्रं चिकटवा, खाली मराठीत शब्द लिहा आणि पुठ्ठा त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूला ठेवा. तपासणीलाही तो बरोबर न्या.