बीकन, प्रोब आणि फावडं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

बीकन (अंगावर बांधायचं, रेडिओ सिग्नल सोडणारं आणि शोधावर ठेवलं की दुसऱ्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं ही तीन साधनं हिमस्खलन थांबवत नाहीत. माणूस गाडला गेल्यावर त्याला बाहेर काढायला ती लागतात. म्हणून आधी उताराचं बोलू.

सर्वांत घातक असतं लादीचं स्खलन. वर घट्ट जमलेल्या बर्फाची लादी असते, खाली साखरेसारखा सुटा, दाणेदार थर. तुमच्या वजनाने खालचा थर चुरतो आणि वरची लादी एकदम सुटते. हे बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. डोळ्यांनी अंदाज बांधू नका, हमखास चुकतो. क्लिनोमीटर, म्हणजे उताराचा कोन दाखवणारं साधन, लावून मोजा. तुम्ही सपाटीवर असलात आणि वर असा उतार असला, तर तुमच्या पावलांनी तोही सुटू शकतो.

पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेग पळत गेली किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर तिथूनच मागे फिरा. आभाळ निरभ्र असतानाही वारा धारेपलीकडच्या आडोशाला बर्फ आणून साठवतो, हे लक्षात असू द्या. हिमस्खलनाच्या अंदाजात धोका पाचपैकी 3 असला, तर तो 'मधला' समजू नका: या पातळीला एकट्या माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते आणि अनेक बळी याच पातळीवर जातात.

निघताना एकाने बीकन शोधावर ठेवून बाकी प्रत्येकाचा सिग्नल तपासायचा. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या घालू नका, त्यांत किती जोर उरला ते बीकन नीट दाखवत नाही. मोबाइल बीकनपासून 20 सेंटिमीटर दूर ठेवा, शोध घेताना 50. संशयाचा उतार एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा.

कोणी गाडला गेला तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा मनात पक्की करा आणि सगळ्यांचे बीकन शोधावर घ्या. एकाचा जरी चुकून प्रक्षेपणावर राहिला, तर शोध त्याच्याच मागे भरकटतो. बीकनवरचा अंतराचा आकडा 3 मीटरच्या आत आला की बीकन बर्फालगत धरून सावकाश फिरवा. सर्वांत लहान आकड्यापासून चक्राकार, दर 25 सेंटिमीटरवर, पृष्ठभागाशी काटकोनात प्रोब खुपसा. माणसाला लागली की ती तशीच राहू द्या.

प्रोबच्या अगदी वर उभं राहून खणू नका, त्याने खालची श्वासाची पोकळी दबते. माणूस जितका खोल असेल त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत खणा. स्खलनाचा बर्फ थांबताच घट्ट होतो, प्लास्टिकचं फावडं त्यात मोडतं. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, पुढे ही आशा झपाट्याने घटते. आधी तोंड, नाक आणि छाती मोकळी करा, हातपाय नंतर.