ताप उतरला, थकवा का उतरत नाही?

पावसाळा सरता सरता इंदूरमध्ये डेंग्यू-चिकुनगुनियाचे रुग्ण वाढतात. मग रामबाग, लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: "ताप गेला, पण कमजोरी जात नाही." बहुतेकांची ती काही आठवड्यांत जाते. काहींची मात्र सहा महिने, वर्ष उलटलं तरी हटत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. कोणी बाटली चढवून घ्यायला सांगतं, कोणी म्हणतं, "पडून राहू नकोस, रोज थोडं जास्त चालत जा."

हा शेवटचा सल्ला काही रुग्णांना चक्क अपाय करतो.

माझ्या आत्याला दिवाळीआधी चिकुनगुनिया झाला होता. होळीला तिने हौसेने पुरणपोळ्या केल्या. त्या दिवशी ती ठीक होती, दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला तिचे हात वर जाईनात आणि बोलताना साधे शब्द आठवेनात. पुढचा आठवडा ती अंथरुणावर होती. श्रमानंतर उशिराने येणारी ही घसरण क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई/सीएफएस, या आजाराची मुख्य खूण आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानासाठी ती आवश्यक ठरवली. तिच्या जोडीला, पुरेशी झोप घेऊनही ताजंतवानं न वाटणं, आणि विचारांत गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास.

हे सगळं मनाचे खेळ नाहीत. २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या आजाराच्या, अशीच घसरण होणाऱ्या २५ रुग्णांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. व्यायामाआधी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचं काम व्यायामानंतर मंदावलं होतं, स्नायूंना इजाही झाली होती. हे वाचताना मला १९५५ सालच्या लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या परिचारिका आठवतात. तिथे अशाच आजाराची साथ आली आणि १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी, रुग्णांना न भेटता, जुन्या कागदपत्रांवरून 'सामूहिक उन्माद' असा निवाडा दिला. त्या शेऱ्याचे भोग पुढे कितीतरी रुग्णांनी भोगले.

आपल्यासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावचा अभ्यास (२००६). तीन वेगवेगळ्या संसर्गांचे २५३ रुग्ण होते. त्यांतला एक रॉस रिव्हर विषाणू डासांतून पसरणारा, चिकुनगुनियाचाच भाऊबंद. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोक आजारीच होते. कोण रेंगाळणार हे मुख्यतः सुरुवातीचं दुखणं किती तीव्र होतं यावर ठरलं, स्वभावावर नाही.

खात्रीचं औषध अजून नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. उरतं ते अंथरूण पाहून पाय पसरणं: दमण्याआधीच थांबायचं, बरं वाटलं तरी सगळी कामं एका दिवशी उरकायची नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर, क्षय हे आधी तपासून घ्यावंच. आणि डॉक्टरांकडे जाताना वही न्यावी: कोणत्या दिवशी काय केलं आणि पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले. ही घसरण रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही, अशा नोंदीत दिसते.