जेट स्कीवरून दुबईचा किनारा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुबईच्या उम्म सुकैम भागातून निघणाऱ्या आमच्या जेट स्की सहलीत रस घेतल्याबद्दल आपले आभार. आमच्याकडे महाराष्ट्रातून आलेली आणि नोकरी-व्यवसायानिमित्त इथेच राहणारी अशी दोन्ही प्रकारची मराठी कुटुंबे येतात. त्यांपैकी अनेकांनी तारकर्ली, काशीद किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जेट स्कीची फेरी घेतलेली असते. तिथे बहुधा संस्थेचा माणूस आपल्यासोबत बसून यंत्र सांभाळतो आणि काही मिनिटांत किनाऱ्यावर परत आणतो. आमच्या सहलीत यंत्र आपण स्वतः चालवता आणि मार्गदर्शक स्वतंत्र जेट स्कीवर आपल्या पुढे असतो. हा फरक मोठा आहे, म्हणून चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, दोघांनीही हे पत्रक सहलीच्या आदल्या दिवशी शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

थ्रॉटल सोडला की वळणे थांबते

जेट स्कीला सुकाणू नसते आणि नेहमीच्या बोटीसारखा बाहेर दिसणारा पंखाही नसतो. तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा ते जोराने मागे फेकतो आणि मागच्या तोंडातून सुटणाऱ्या झोताच्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. आपण हँडल फिरवता तेव्हा प्रत्यक्षात हे मागचे तोंड डावीकडे किंवा उजवीकडे वळते आणि झोताची दिशा बदलल्यामुळे यंत्र वळते. याचा सरळ अर्थ असा की थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेग वाढवणारा खटका, सोडला की झोत बंद, आणि झोत बंद, तर वळणेही बंद.

स्कूटर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्यांना तोल सांभाळण्याच्या दृष्टीने आपला अनुभव इथे उपयोगी पडतो, पण नेमक्या याच एका बाबतीत तो घातक ठरू शकतो. रस्त्यावर कोणी आडवे आले की हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि ब्रेक दाबतो, कारण तिथे तेच योग्य असते. पाण्यावर थ्रॉटल पूर्ण सोडून हँडल कितीही फिरवले, तरी जेट स्की वेग ओसरेपर्यंत त्याच दिशेने सरकत राहते आणि ज्याला टाळायचे होते त्याच्यावरच जाऊन आदळू शकते. काही नव्या यंत्रांना वेग कमी करणारा खटका असतो, परंतु तोही यंत्राला जागच्या जागी थांबवत नाही. त्यामुळे अडथळा दूर असतानाच वेग कमी करावा, आणि वळायचे असेल तेव्हा थोडा थ्रॉटल दाबून ठेवूनच वळावे. मोकळ्या समुद्रात नेण्यापूर्वी मार्गदर्शक आपल्याकडून हे संथ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घेतो. त्या सरावाची घाई कोणी करू नये, आणि तो वेळ सहलीच्या वेळेतून कापला जात नाही.

दोन जेट स्कींमध्ये किमान ५० मीटर अंतर ठेवण्याचा आमचा नियम याच कारणाने आहे. मोठ्या बोटीमागे उठलेल्या लाटा ओलांडताना वेग कमी करावा, लाटेला किंचित तिरके जावे आणि गुडघे वाकवून शरीराचा भार पायांवर घ्यावा. लाटेवरून उडी मारण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या उडीनंतरचा दणका थेट कंबरेला आणि मणक्याला बसतो, म्हणून आमच्या सहलीत उड्यांना पूर्ण मनाई आहे.

थांबून पाहावे

चालवताना नजर फक्त पुढे असावी आणि इमारती थांबल्यावर पाहाव्यात, हा आमच्या सहलीचा पाया आहे. बुर्ज अल अरब हे हॉटेल समोर आल्यावर मान वळवून पाहत राहणाऱ्या चालकाचा हात नकळत थ्रॉटलवरून सैल होतो, आणि पुढे काय होते ते वर सांगितलेच आहे. म्हणून मार्गदर्शक ठरलेल्या ठिकाणी हात वर करून सर्वांना थांबवतो, इंजिने बंद करायला सांगतो आणि निवांत पाहू देतो. अधिक अंतर कापणाऱ्या सहली या किनाऱ्यावर मिळतात. आम्ही मात्र कमी अंतर आणि अधिक थांबे हीच पद्धत मनापासून जपली आहे, कारण इंजिन बंद झाल्यावर पाण्याच्या पातळीवरून हे शहर जसे दिसते, तसे ते मोटारीतून दिसत नाही.

अर्ध्या तासाची सहल बुर्ज अल अरबपर्यंत जाऊन परतते. तासाभराची सहल पाम जुमेरा या मानवनिर्मित बेटाच्या बाहेरच्या अंगाने अटलांटिस हॉटेलपर्यंत जाते, आणि दीड तासाची त्याही पुढे ब्लूवॉटर्स बेटावरील ऐन दुबई या प्रचंड चक्राच्या समोर थांबते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तासाभराची सहल घ्यावी, असे आमचे मत आहे. अर्धा तास हात बसण्यातच जातो, आणि दीड तास नवख्या माणसाच्या दंडांना व मनगटांना जड जातो.

बुर्ज अल अरब हे ३२१ मीटर उंचीचे हॉटेल डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाले. किनाऱ्यापासून २८० मीटर आत समुद्रात त्यासाठी मुद्दाम बेट तयार करण्यात आले. रस्त्यावरून येणाऱ्याला शिडासारखी फुगलेली पांढरी बाजू दिसते, जी टेफ्लॉनचा थर दिलेल्या काचतंतूंच्या कापडाची आहे. समुद्राच्या बाजूने इमारतीचा कणा आणि वरचा उंच खांब दिसतो, आणि ही बाजू फार थोड्या पर्यटकांच्या पाहण्यात येते. थांब्यावर बेटाच्या कडेचे काँक्रीटचे ठोकळेही जरूर पाहावेत. ते आतून पोकळ आहेत. लाट त्यांच्या भोकांतून आत शिरते, आतल्या आत तिचा जोर मोडतो आणि ती फुटून उंच उडण्याऐवजी तिथेच शांत होते. बेटाची उंची कमी ठेवता आली ती यामुळेच. शेजारी लाटेच्या आकाराचे जुमेरा बीच हॉटेल आहे आणि २०२५ मध्ये सुरू झालेले, आलिशान नौकेच्या आकाराचे मर्सा अल अरब हॉटेल आहे. हवा स्वच्छ असेल तर दूरवर ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे टोकही दिसते. बेटाभोवती पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांच्या आत जाण्यास परवानगी नाही.

पाम जुमेराविषयी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते : समुद्रावरून त्याचा ताडाच्या झाडासारखा आकार दिसत नाही. तो आकार पाहायचा असेल तर पाम टॉवरच्या ५२व्या मजल्यावरील, २४० मीटर उंचीवरची प्रेक्षक गॅलरी गाठावी. समुद्रावरून दिसते ते या बेटाला राखणारे, सुमारे ११ किलोमीटर लांबीचे दगडी अर्धवर्तुळ. बेटाचे काम २००१ मध्ये सुरू झाले. त्यासाठी वाळवंटातील वाळू वापरली नाही, कारण वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेले तिचे कण एकमेकांत नीट बसत नाहीत. समुद्रतळाची वाळू उपसून ती जहाजांवरून कमानीसारख्या झोताने फेकत हे बेट उभारले गेले. दगडी अर्धवर्तुळ सुरुवातीला सलग होते, पण आतले पाणी साचून खराब होण्याचा धोका लक्षात आल्यावर त्यात जागा मोकळ्या ठेवण्यात आल्या, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर खेळते राहते. आतल्या फांद्यांच्या बाजूला घरे आणि त्यांचे खासगी किनारे असल्यामुळे आम्ही तिकडे जेट स्की नेत नाही. २००८ मध्ये सुरू झालेले कमानीचे अटलांटिस आणि २०२३ मधले त्याच्या जवळचे अटलांटिस द रॉयल ही दोन्ही हॉटेले याच अर्धवर्तुळावर आहेत. इथे मोकळ्या समुद्राच्या लाटा थेट येत असल्याने थांबल्यावर यंत्र बरेच डोलते. ज्यांना बोट लागते त्यांनी अशा वेळी जवळ न पाहता क्षितिजाकडे पाहावे.

ऐन दुबई हे २५० मीटर उंचीचे चक्र २०२१ मध्ये सुरू झाले, मध्यंतरी बंद राहून २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. खालून पाहताना ते फिरत आहे की नाही हे पटकन कळत नाही, इतकी त्याची गती मंद असते.

कोणत्या वेळी यावे

सकाळी वारा कमी असतो आणि समुद्र बहुधा तलावासारखा सपाट मिळतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाहू लागतो आणि लहान, आखूड लाटा उठतात. दुबईचा किनारा वायव्येकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य इमारतींच्या मागे राहतो आणि छायाचित्रे काळोखी येतात, तर दुपारी चारनंतर सर्व इमारती समोरून उजळतात. थोडक्यात, नवख्या चालकांनी आणि मुलांसोबत येणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, आणि सराव असलेल्या, छायाचित्रांची हौस असलेल्या ग्राहकांनी दुपारची शेवटची सहल घ्यावी. सूर्यास्तानंतर जेट स्की चालवता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीपासून मार्चपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मे महिन्याच्या सुट्टीत बरीच कुटुंबे येतात, तेव्हा तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा त्यावर असते, म्हणून त्या दिवसांत पहिलीच सहल घ्यावी आणि निघण्यापूर्वी पोटभर पाणी प्यावे. कोकणासारखा पावसाळा इथे नाही, मात्र शमाल हा वायव्येचा वारा सुटला की समुद्र खवळतो, आणि हिवाळ्यात काही सकाळी दाट धुके पडते. अशा दिवशी आम्ही सहल रद्द करतो. परतीचे विमान त्याच दिवशी असले तरी या बाबतीत आग्रह करू नये.

पाण्यात पडल्यास

लाल दोरीचे एक टोक चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेले असते आणि दुसरे टोक हँडलजवळच्या खुंटीत. चालक पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. म्हणून ही दोरी अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये आणि ती मागे बसणाऱ्याच्या हाती कधीही देऊ नये. पडल्यावर घाबरू नये. जॅकेट आपल्याला तरंगत ठेवते. पोहत यंत्राच्या मागच्या बाजूला यावे, इंजिन बंद असल्याची खात्री करावी आणि मागूनच वर चढावे. बाजूने चढल्यास यंत्र अंगावर उलटू शकते. उलटलेले यंत्र सरळ करण्याची दिशा मागच्या बाजूला बाणाने दाखवलेली असते, पण ते काम मार्गदर्शकावर सोपवावे. चढता येत नसेल तर एक हात उंच करून हलवावा.

मागे बसणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना आहे, आणि संकोच बाजूला ठेवून आम्ही ती प्रत्येकाला देतो. अचानक वेग घेतल्यास मागे बसलेली व्यक्ती पाठीमागे, थेट झोतासमोर पडू शकते. हा झोत इतका जोरदार असतो की साध्या पोहण्याच्या कपड्यांतून तो शरीराच्या खालच्या भागात शिरून आतल्या अवयवांना गंभीर इजा करू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येकाला जाड वेटसूटची (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाची) विजार देतो आणि ती घालणे सक्तीचे आहे. मागे बसणाऱ्याने चालकाचे जॅकेट दोन्ही हातांनी धरावे, आणि सर्वजण नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय चालकाने थ्रॉटल दाबू नये.

कपडे, दागिने आणि तब्येत

ओढणी, सैल सलवार, लोंबणारे नाडे घालून येऊ नये. तळाच्या जाळीत मोकळे केस किंवा कापड ओढले जाऊ शकते, म्हणून लांब वेणी अंबाड्यात बांधून जॅकेटच्या आत घ्यावी. मंगळसूत्र, अंगठ्या आणि बांगड्या हॉटेलातच ठेवाव्यात. ओल्या बोटावरून अंगठी सहज निसटते आणि समुद्रात पडलेली वस्तू आम्हाला शोधून देता येत नाही. चष्म्याला मागून बांधायची पट्टी आमच्याकडे मिळते. आखाताचे पाणी अरबी समुद्रापेक्षा अधिक खारट आहे, लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम मीठ, त्यामुळे ते डोळ्यांना झोंबते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या काढून यावे.

गरोदर महिला, मणक्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, हृदयविकार असलेले आणि मद्यपान केलेले ग्राहक यांना आम्ही सहलीला घेत नाही. पोहता न येणाऱ्यांना घेतो, पण ते त्यांनी आधी सांगावे. चालवण्यासाठी वय १८ पूर्ण हवे. आजी-आजोबांना सोबत आणल्यास त्यांच्यासाठी किनाऱ्यावर सावलीत बसण्याची व्यवस्था आहे.

छायाचित्रे आणि कागदपत्रे

मोबाइल सोबत नेण्याची परवानगी नाही. थांब्यांवर मार्गदर्शक आपली छायाचित्रे काढतो आणि ती सहलीनंतर विनामूल्य देतो. अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः किनाऱ्यावरील महिलांचे, परवानगीशिवाय छायाचित्र काढणे या देशात कायद्याने गुन्हा आहे, आणि हे परतल्यावर किनाऱ्यावर फिरतानाही लक्षात असू द्यावे.

प्रत्येक प्रौढाने मूळ पासपोर्ट किंवा एमिरेट्स आयडी (इथल्या रहिवाशांचे ओळखपत्र) आणावा, कारण तटरक्षक दल तो तपासू शकते. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. हवामानामुळे आम्ही सहल रद्द केल्यास दुसरी वेळ किंवा पूर्ण रक्कम परत, यांपैकी आपण सांगाल ते केले जाईल. आपण रद्द करत असाल तर २४ तास आधी कळवावे. नोंदणी करताना प्रत्येकाचे वय आणि अंदाजे वजन सांगावे, कारण कोणी कोणासोबत बसायचे हे त्यावरून ठरते. मार्गदर्शकाकडून मराठीत सूचना हव्या असतील तर तेही त्याच वेळी सांगावे, म्हणजे त्याप्रमाणे मार्गदर्शकाची नेमणूक करता येईल.