क्रिमिनल जस्टिसचा वर्ग आला कुठून?

अमेरिकेतल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजांत) नर्सिंग आणि वेल्डिंगच्या जोडीला 'क्रिमिनल जस्टिस अँड करेक्शन्स' (म्हणजे फौजदारी न्याय आणि तुरुंग-सुधारव्यवस्था) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पोलीस, तुरुंगरक्षक किंवा प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा) व्हायचं असेल तर अनेकांची सुरुवात इथूनच होते. हे वर्ग गावोगाव पोचले ते मात्र शिक्षणाच्या ओढीने कमी आणि केंद्र सरकारच्या पैशाने जास्त.

मूळ कल्पना ऑगस्ट व्होल्मर या कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावच्या पोस्टमनची. 1904 मध्ये त्याने उतारावर सुटलेल्या मालडब्यावर उडी मारून ब्रेक लावले आणि प्रवासी गाडीशी होणारी टक्कर टाळली. त्या नावलौकिकावर पुढच्याच वर्षी तो गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आला. स्वतः कॉलेजची पायरी न चढलेल्या या माणसाने 1908 मध्ये शिपायांसाठी शाळा काढली. 1930 मध्ये सॅन होजेच्या कॉलेजात पोलिसांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. 'कॉलेज कॉप' हा शब्द तेव्हा टिंगलीचाच होता.

पुढची तीसेक वर्षं हे काम रखडतच चाललं. मग साठच्या दशकात शहरं पेटली, वाढत्या गुन्हेगारीवर निवडणुका लढल्या जाऊ लागल्या. अध्यक्ष जॉन्सन यांच्या आयोगाने 1967 मध्ये सांगितलं की अखेरीस प्रत्येक पोलीस पदवीधर असावा. 1968 च्या कायद्याने त्यासाठी तिजोरी उघडली. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला 1,800 डॉलरपर्यंत कर्ज मिळे. नंतर पोलीस किंवा तुरुंग खात्यात नोकरी केली की दर वर्षामागे पाव कर्ज माफ, म्हणजे चार वर्षांत पाटी कोरी. नोकरीतल्यांना फीसाठी वेगळं अनुदान होतं. 1969 मध्ये पाचशेच्या आत असलेल्या सहभागी संस्था 1975 पर्यंत हजारावर गेल्या. कम्युनिटी कॉलेज घराजवळ, स्वस्त, प्रवेशाला सोपं. काही ठिकाणी पाळी बदलणाऱ्या पोलिसांसाठी एकच तास सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी घेत.

शिकवायला बहुधा निवृत्त पोलीसच. त्यामुळे गस्त, वाहतूक, अहवाल-लेखन असं पोलीस अकादमीतलंच पुन्हा कॉलेजात शिकवलं जाई. 1978 मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने, पुढे पदवीकडे न नेणारे असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम गुंडाळावेत, असं स्पष्ट म्हटलं. पैसे वाटणारं खातं 1982 मध्ये बंद झालं, पण अभ्यासक्रम टिकले. वर्ग भरत होते, मग कोणतं कॉलेज ते बंद करील?

यात 'करेक्शन्स'ची बाजू उशिरा आली. तुरुंग अधिकाऱ्यांच्या 1870 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने 1954 मध्ये नावातला 'प्रिझन' काढून 'करेक्शनल' घातला. (आपल्याकडेही तुरुंग खातं आता 'कारागृह व सुधारसेवा' म्हणवतं.) नुसती पाटी बदलून काय होतं, ते 1971 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात दिसलं. रक्षक बहुतेक आसपासच्या खेड्यांतले गोरे, कैदी बहुसंख्य काळे आणि पोर्तो रिकन. उठाव आणि तो मोडताना झालेला गोळीबार यांत 43 माणसं गेली. रक्षकांना मिळालेलं तुटपुंजं प्रशिक्षण त्यानंतर चर्चेत आलं.

कैद्यांच्या शिक्षणाची गोष्ट उलट्या दिशेने गेली. त्यांना मिळणारं पेल अनुदान (गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी केंद्र सरकारची मदत) 1994 मध्ये बंद झालं, ते सर्वांसाठी पुन्हा खुलं झालं थेट जुलै 2023 मध्ये. आता काही कम्युनिटी कॉलेजं भावी रक्षकांना आपल्या आवारात शिकवतात, आणि कैद्यांचे वर्ग गजांआड जाऊन घेतात.